उभ्या गाडीचा गुन्हा

तो गुन्हा अजून माझ्या मनातून गेलेला नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली होती, तेवढीच. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीत कोणत्या तपासाने तुम्हाला काही शिकवलं, असं कोणी विचारलं तर मला सोलापूरच्या एसटी स्टँडवर उभी असलेली ती अक्कलकोट गाडीच आठवते.

मी शिपाई म्हणून भरती झाले आणि सहायक उपनिरीक्षक होऊन निवृत्त झाले. शाळा चौथीतच सुटली होती. दहावी लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून केली. मी बोलायला पहिल्यापासून कमी, त्यामुळे पोलिसात हिचं कसं होणार असं सगळ्यांना वाटायचं. पण दरडावून विचारलं की माणूस उत्तर देतो आणि आपण गप्प बसलो की तो सांगायला लागतो, एवढं मला लवकर कळलं. तपासाला दुसऱ्या गोष्टीचा उपयोग जास्त. इथे मी कोणाचं नाव लिहीत नाही. सगळी साधी माणसं आहेत आणि आपापल्या घरी सुखात आहेत.

उन्हाळ्यातली दुपार होती. सिव्हिल हॉस्पिटलच्या चौकीतून ठाण्यात फोन आला, स्टँडवर एक बाई गाडीच्या दारातून पडली, खुब्याचं हाड मोडलं आहे, जबाब घ्यायला या. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद केली आणि मला पाठवलं.

बाई पंचावन्नच्या आसपासची, अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगची. कपाळाला विभूती, अंगावर नवी इरकली साडी, ती एका बाजूने फाटलेली. दुखण्यापेक्षा तिला राग जास्त आला होता. मध्येच कानडीत काहीतरी बोलायची आणि परत मराठीवर यायची.

"गाडी पुढं गेली बघा म्याडम. मी दारात हुते. हे खाली राहिले म्हणून वळून हाक मारत हुते. आन् गाडी सुटली की! बेल न्हाय, काय न्हाय. पडले मी."

"तुम्ही कशाला आला होता सोलापूरला?"

यावर तिचे डोळे भरले. "लेक आठव्यात हाय. पहिली खेप. तिच्या ओटीभरणाचं लुगडं घ्याया आलतो. पुढल्या हप्त्यात तिला माहेरी आणायची हुती. आता तिचं कोण करणार? मी हितं अशी. त्या ड्रायव्हरला सोडू नका तुमी."

तिचा नवरा खाटेच्या पायाशी उभा होता. सडपातळ, धोतर-टोपीतला माणूस. हातातला टॉवेल तो सारखा पिळत होता. मी त्याला विचारलं, "तुम्ही कुठे होता त्या वेळी?"

"म्या सामान ठिवत हुतो."

"गाडी हललेली पाहिली का?"

त्याने बायकोकडे बघितलं. "ती म्हन्ती तर हलली आसंल की."

मी ते तसंच लिहून घेतलं. निष्काळजीपणे वाहन चालवून दुखापत केल्याचा गुन्हा बसचालकावर नोंदवला गेला आणि तपास माझ्याकडे आला.

स्टँडवर जाऊन पंचनामा करायचा तर गाडी जागेवर नव्हती. फलाट अडकून राहतो म्हणून ती डेपोत नेली होती. स्टँडचा एकमेव कॅमेरा फाटकाकडे तोंड करून होता, त्यात आत येणाऱ्या रिक्षा दिसत होत्या आणि कुत्री. आमच्याकडे गाड्या फलाटाला नाक लावून एकीशेजारी एक उभ्या राहतात. मधल्या फटीतून माणसं चढतात आणि गाडी निघाली की आधी मागे जाते, मग वळते. अक्कलकोट गाडीच्या डाव्या बाजूला, म्हणजे दाराच्या बाजूला, शेजारच्या फलाटावर त्या वेळी बार्शी गाडी लागलेली होती. ते मी पंचनाम्यात लिहिलं. पण लिहिताना त्याचा काही अर्थ मला लागला नव्हता.

मग प्रवाशांचे जबाब. कंडक्टरने काही नेहमीची माणसं शोधून दिली. डाव्या खिडक्यांना बसलेले सगळे ठामपणे एकच सांगत होते. एका निवृत्त गृहस्थांनी तर हात लांब करून दाखवलं, "एवढी पुढे गेली. मी खिडकीतून बाहेरच बघत होतो, माझं पूर्ण लक्ष होतं." त्यांच्या मागे बसलेल्या बाईंनी समोरच्या सीटची दांडी धरली होती, इतका झटका बसला म्हणे. मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला एक तरुण मात्र म्हणाला, "मला तर काय कळलंच नाही." लेकराला दूध पाजत असलेली एक बाईही म्हणाली, "गाडी हलली? कवा?" ज्यांचं लक्षच नव्हतं त्यांना विचारून काय उपयोग, असं म्हणून मी त्यांचे जबाब खाली ठेवले. कोणताही अंमलदार तेच करेल. साक्षीदार कसा हवा, तर बघत असलेला हवा.

चालकाला नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस. छातीवर बिनअपघात सेवेचा बिल्ला होता. बिल्ला लावून यायचं की नाही याचा त्याने घरून निघताना विचार केला असावा, कारण तो सारखा त्याला बोटाने चाचपत होता. दारू प्यायल्याचं वैद्यकीय तपासणीत निघालं नव्हतं. डेपोने मात्र त्याला निलंबित केलं होतं. आमचं दोषारोपपत्र कोर्टात गेलं असतं तर नोकरी जाणार हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

मी चहा मागवला आणि विचारलं, "बेल नसताना गाडी चालू का केली?"

"हवा भराया, म्याडम. हवा भरल्याबिगर ब्रेक धरत न्हाय. कंडक्टर कंट्रोलला नोंद कराया गेलता. आमी रोजच करतो तसं."

"हँडब्रेक?"

"लावलेला हुता."

मी पुढे काही विचारलं नाही. त्याचा चहा निवत गेला. बाहेर वायरलेसवर कोणीतरी कोणाला तरी शोधत होतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "खरं सांगू का? गाडी हलली. मला बी जाणवलं हलल्याचं. म्हणून तर म्या दणकन ब्रेक दाबला. तोवर बाई खाली."

"हँडब्रेक लावलेला होता तर मग हलली कशी?"

"त्येच कळंना झालंय. आता सगळी म्हणत्यात हलली, मला बी वाटलं हलली, तर माझ्याकडनंच ऱ्हायला आसंल लावायचा." मग खाली बघून तो म्हणाला, "घरात सांगितलं न्हाय म्याडम. रोज डबा घेऊन भाईर पडतो आन् कंबर तलावाला जाऊन बसतो."

निरीक्षक साहेबांनी ते कागद वाचले. "आता काय राहिलं? फिर्यादी सांगते, साक्षीदार सांगतात, आरोपी स्वतः सांगतो. दोषारोपपत्र तयार करा."

साहेबांचं चुकत नव्हतं. मी तयारीला लागले. फक्त गाडीच्या तपासणीचा अहवाल मला टोचत होता. ब्रेक उत्तम स्थितीत, हँडब्रेक उत्तम स्थितीत, असं त्यात लिहिलेलं होतं.

दोन-तीन दिवसांनी मी स्टँडवरच्या पोलीस चौकीत बसले होते. एक महिला कंडक्टर आत आली. खाकी ड्रेस, खांद्याला तिकिटाचं मशीन, बोलण्यात घाई, कारण तिची बार्शी गाडी लागलेली होती.

"मॅडम, अक्कलकोट गाडीच्या ड्रायव्हरला तुम्ही आत टाकणार म्हणून डेपोत बोलतात. खरं आहे का?"

"का?"

"मला सांगायला नको होतं, आमचा स्टाफ म्हणून बाजू घेते म्हणतील. पण त्या वेळेला मी आमची गाडी मागे घेत होते. शिट्टी तोंडात, ड्रायव्हर मागे घेतोय आणि मी फटीत उभी. तेव्हा त्या गाडीच्या खिडकीत टॉवेलची ओढाओढी चाललेली. खाली एक म्हातारा, वर एक चष्मेवाला. हा ओढतो, तो ओढतो. मला इतकं हसू आलं की शिट्टी पडायची वेळ आली. आणि तेवढ्यात बोंब झाली."

"त्यांची गाडी हलली का?"

"ते मी बघितलं नाही. मी आमच्या गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत होते, नाहीतर कोणीतरी चाकाखाली यायचं. पण मॅडम, तो म्हातारा टॉवेल धरून तसाच उभा होता. मग गाडी कुठे गेली?" एवढं बोलून ती गेलीसुद्धा.

आमच्याकडे गाडी लागली की लोक दारातून चढायच्या आधी खिडकीतून जागा धरतात. रुमाल टाकतात, पिशवी टाकतात, कोणी टोपी टाकतं. एकदा टाकलं की ती जागा त्याची, असा कायदा नाही पण रिवाज आहे. आणि सगळी भांडणं त्यावरूनच होतात.

म्हातारा कोण हे मला लगेच कळलं. हॉस्पिटलात टॉवेल पिळत उभा होता तोच. चष्मेवाला शोधायचा होता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या अक्कलकोट गाडीत मी साध्या साडीत जाऊन बसले. खिडकीत चष्मा लावलेले एक पासधारक मास्तर भेटले. रोज सोलापुरातून एका गावच्या दुपारच्या शाळेत जाणारे. त्या दिवशी गाडीत नव्हतोच, असं त्यांनी आधी सांगितलं. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. कुंभारी गाव यायच्या आतच त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, कुठे बोलू नका. शाळेत मी पोरांना रांगेत उभं राहायला शिकवतो. आणि मी एका म्हाताऱ्याशी टॉवेलवरून भांडलो. मी बसलेलो असताना त्यांनी माझ्याच मांडीवर टॉवेल टाकला हो. मी म्हटलं उचला. ते म्हणाले, माझी बायको बसणार हितं, तू ऊठ. मग मी एक टोक धरलं. ते सोडेनात."

"किती वेळ?"

"लाज वाटावी इतका. त्यांनी दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं होतं."

"त्या वेळी गाडी हलली?"

"नाही."

"नक्की? बाकीचे म्हणतात हातभर पुढे गेली."

"अहो, हातभर पुढे गेली असती तर एकतर टॉवेल माझ्या हातातून गेला असता, नाहीतर ते खिडकीला लटकले असते. दोघांनी ताणून धरलेला होता. बोंब झाली तेव्हा मीच सोडला."

"खिडकीतून समोर काय दिसत होतं?"

मास्तरांनी आठवायचा प्रयत्न केला. "काहीच नाही. खरंच सांगतो, मला फक्त टॉवेल दिसत होता."

परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली नाही. उभ्यानेच मी विचार करत आले. जे बाहेर बघत होते ते सांगतात गाडी हलली. मोबाईलवाला, दूध पाजणारी, टॉवेल ओढणारे, ज्यांचं लक्ष आपल्यापुरतं होतं, त्यांच्यापैकी एकालाही ती हललेली जाणवली नाही. मी ज्यांचे जबाब खाली ठेवले होते ते वर आणायला हवे होते. आणि बाहेर बघणाऱ्यांना दिसत होतं काय, तर मागे जाणारी बार्शी गाडी. खिडकी भरून तेवढंच.

मी हॉस्पिटलमध्ये गेले आणि म्हाताऱ्याला बाहेर चहाच्या गाड्यावर नेलं.

"तुम्ही सामान ठेवत होता ना?"

"व्हय."

मी त्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलकडे नुसतं बघत राहिले. त्यांनी तो काढला, घडी केली, परत खांद्यावर टाकला, परत काढला.

"कळलं व्हय तुमास्नी?" ते शेवटी म्हणाले. "बायकू पडली तवा मी टावेल वढत हुतो म्याडम. गावात कळलं तर लोक काय म्हणतील? जागंसाठी भांडत बसला आन् हिकडं बायकू पडली."

"जागा कोणासाठी धरत होता?"

"तिच्यासाठीच की. तिला खिडकी लागती, न्हायतर वकती."

"गाडी हलली का?"

"न्हाय. सुतभर बी न्हाय." मग ते एकदम माझ्या जवळ सरकले. "पर तिला कसं सांगू? हाड मोडून पडलीया. तिला खोटी पाडू व्हय मी?"

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डोळ्यांनी बघणाऱ्यांचं सोडायचं आणि भांडणाऱ्यांचं धरायचं? कोर्ट हसेल." मी म्हटलं, साहेब, एकदा बसून बघू. डेपोला पत्र दिलं, दोन पंच घेतले. एका सकाळी गर्दी नसताना त्याच फलाटांवर दोन गाड्या शेजारी शेजारी लावून मिळाल्या. आपल्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं, हँडब्रेक लावला. पुढच्या चाकाला टेकवून एका पंचाने लिंबू ठेवलं. ही कल्पना डेपोतल्या मेकॅनिकची. लिंबू तरी खोटं बोलणार नाही, असं तो म्हणाला.

साहेब डाव्या खिडकीत बसले, मी त्यांच्या मागे. "शेजारच्या गाडीकडे बघा फक्त," एवढंच मी म्हटलं. बाहेर शिट्टी झाली. शेजारची गाडी मागे सरकू लागली आणि साहेबांनी खाडकन पुढची दांडी धरली.

"अहो, हलली! कोणी सोडला हँडब्रेक?"

मला सगळं माहीत असून माझेही पाय खाली घट्ट रोवले गेले. खाली पंच म्हणाला, "लिंबू हाय तसंच हाय, साहेब." साहेब स्वतः उतरून बघून आले.

दुसऱ्या खेपेला मी त्यांच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि क्रिकेटची बातमी मोठ्याने वाचायला सांगितली. ते वाचत राहिले. आदल्या दिवशीचा सामना आपण हरलो होतो, त्यामुळे मध्ये मध्ये शिव्याही घालत राहिले. पान उलटून म्हणाले, "सोडा की आता गाडी. किती वेळ?"

"गेली की साहेब, मघाशीच."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. शेजारचा फलाट रिकामा होता.

हलणाऱ्या गाडीवर आपलं सगळं लक्ष लागलं की मन तिलाच जमीन समजतं, मग हलायचं काम आपल्या गाडीकडे येतं. लक्ष दुसरीकडे गुंतलं की तीच गाडी डोळ्यासमोरून निघून गेली तरी आपली जागची हलत नाही. याला शास्त्रात काय म्हणतात मला माहीत नाही. चालकालाही आरशात मागे जाणारी बार्शी गाडी दिसली असणार. उभ्या गाडीत त्याने ब्रेक दाबला होता.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. ब समरी पाठवू. फिर्याद खोटी."

आमच्याकडे गुन्ह्याचा तपास दोषारोपपत्राविना संपवायचा तर कोर्टाला समरी अहवाल पाठवतात. ब म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. क म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही, समजुतीतली चूक. साहेबांपुढे मी सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलले. "साहेब, आत्ता तुम्ही म्हणालात हलली. तुम्ही खोटं बोललात का?"

साहेब हसले. "लिहा क."

पण काम तेवढ्यावर संपत नव्हतं. कोर्ट फिर्यादीला नोटीस काढतं आणि तिची हरकत आहे का ते विचारतं. तिने हरकत घेतली असती तर चालकाचे भोग संपले नसते. नोटीस घेऊन मी स्वतः वळसंगला गेले. तोपर्यंत पावसाळा निम्मा सरला होता. बाई आता काठी घेऊन चालत होती. लेक बाळंत झाली होती, जाऊबाईंनी सगळं केलं होतं. मी गेले तेव्हा ही खाटेवर बसून नातीला तेल चोळत होती.

"बसा म्याडम. झाली का शिक्षा त्याला?"

मी सांगितलं. तिचे हात थांबले. "म्हंजी मी खोटी व्हय?"

"तसं कुठेही लिहिलेलं नाही."

"सगळ्यांनी बघितलं की! मी येडी हाय का? गाडी पुढं गेली!"

म्हातारा दारात उभा होता. तो आत आला आणि जमिनीवर बसला. "न्हाय गेली. मी टावेल धरला हुता."

"कसला टावेल?"

मग त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिचा राग चालकावरून नवऱ्यावर आला. मला ते चांगलं लक्षण वाटलं.

"माझं हाड मोडलं आन् तुमी मास्तरासंगं टावेल वढत हुता? अय्यो शिवा! आन् मला म्हणाला सामान ठिवत हुतो? कंचं सामान? पिशवी तर माझ्या हातात हुती!"

"तुज्यासाठीच वढत हुतो की."

"गप बसा." ती माझ्याकडे वळली. "मला दाखव पोरी. मला दिसल्याबिगर मी मानायची न्हाय. मग तुजं कोर्ट आसू दे, न्हायतर कोण बी आसू दे."

मी दोघांना जीपने सोलापूरला घेऊन आले. या वेळी वेगळी परवानगी लागली नाही, स्टँडवर रोजच गाड्या लागतात. बार्शीची तीच कंडक्टर भेटली. तिने आपल्या चालकाला जरा थांबायला सांगितलं. अक्कलकोट गाडीच्या चाकाला परत लिंबू लावलं. म्हातारा खाली खिडकीपाशी उभा राहिला. बाई खिडकीत बसली, काठी मांडीवर आडवी धरून. तिने माझा हात धरला होता. बसमध्ये ती पडल्यापासून पहिल्यांदाच चढली होती.

शिट्टी झाली. बार्शी गाडी मागे जायला लागली.

"अवं, धरा की!" बाई ओरडली. "गाडी निघाली! अवं, चढा लवकर!"

"कुटं निघाली?" म्हातारा खालून म्हणाला. "माज्याकडं बघ. हितं. माज्या पायाकडं बघ. लिंबू बघ."

तिने वाकून खाली बघितलं. चाकाशी लिंबू होतं. नवरा होता तिथेच होता, खिडकीच्या दांडीवर हात ठेवून. ती बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिली. बार्शी गाडी कधीच वळून गेली होती.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मंग मी पडले न्हाय म्याडम. उडी मारली की मी."

"का मारली?"

"हे खाली राहिले हुते म्हणून. गाडी जाईल आन् हे राहतील."

म्हातारा टॉवेलने तोंड पुसायला लागला. त्या दिवशी घाम येण्यासारखं ऊन नव्हतं.

कोर्टात न्यायाधीशांनी तिला विचारलं, हरकत आहे का. ती म्हणाली, "न्हाय साहेब. त्याची चूक न्हवती. आन् माजी बी न्हवती." न्यायाधीशांनी दुसरं वाक्य लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही.

बाहेर व्हरांड्यात चालक उभा होता. कोणी बोलावलं नव्हतं तरी आला होता. दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. तो पुढे होऊन तिच्या पाया पडायला वाकला, तर तिने काठी मध्ये घातली.

"आरं, ऊठ. तुजी चूक न्हाय म्हणून आत्ताच सांगून आले आन् पाया काय पडतूस?"

"मावशी, मला बी तसंच वाटलं हुतं. माज्या गाडीत बसून मलाच वाटलं गाडी हलली. तुमी दारात हाय म्हणून म्या ब्रेक दाबला."

"तुला बी?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मंग दोघं बी उगंच घाबरलो की रं, कोणासाठी तरी." मग म्हणाली, "आता कुटली गाडी दिली तुला?"

"अजून न्हाय. सोमवारी हजर व्हायचं हाय."

"आमच्या वळसंगाची माग. नातीला बघायला ये. पर गाडी फलाटाला लावून येऊ नको, लोक टावेल टाकत्याल."

तो हसला. आरोपी म्हणून त्याला मी कितीदा तरी पाहिलं होतं, पण हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे नोकरीत मी अनेक जबाब घेतले. काय दिसलं हे विचारायच्या आधी, त्या क्षणी तुमचं मन कशात होतं, हे विचारायची सवय लागली. नव्याने आलेल्या पोरींनाही तेच सांगत आले. खोटं बोलणारा ओळखायला आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात. खरं बोलणारा माणूस, पूर्ण लक्ष देऊन बघणारा माणूस, कसा चुकू शकतो, हे मला त्या स्टँडवर कळलं. तेव्हापासून दोन माणसं परस्परविरोधी सांगायला लागली की त्यातला एक चोर असलाच पाहिजे, असं मला वाटेनासं झालं. त्यामुळे काही घरं वाचली असतील.

त्या बाईच्या जबाबातला एकही शब्द मी बदलला नाही. 'गाडी पुढे गेली' असंच तिथे आहे, तिच्या अंगठ्याशेजारी. त्याच कागदांत, काही पानं पुढे, गाडी जागेवरच उभी होती असंही लिहिलेलं आहे. दोन्हींवर माझी सही आहे, आणि दोन्ही ठिकाणी ती करताना माझा हात अडखळला नाही.